डिझेल आहे, पण पोहोचत नाही

ट्रॉम्बे आणि माहूल हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील पट्टा इंधनाचा पट्टा म्हणून सर्वांना परिचित आहे. स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना येथे १९५४ मध्ये सुरू झाला आणि बर्मा शेलचा १९५५ मध्ये. राष्ट्रीयीकरणानंतर पहिला हिंदुस्तान पेट्रोलियमचा झाला, दुसरा भारत पेट्रोलियमचा. जेथे डिझेल तयार होते त्याच परिसरातील एखादी मालवाहू पिकअप इंजिनाला डिझेल न मिळाल्यामुळे भर रस्त्यात बंद पडावी, याला दिव्याखालचा अंधार असेच म्हणावे लागेल. मात्र हा अंधार नशिबाचा नसतो. त्याला कारण असते, आणि ते कारण शांतपणे, क्रमाक्रमाने शोधले तर सापडते.

व्यापारी कुटुंबात पिकअप ही केवळ गाडी नसते. दुकानाचा माल तीच आणते, ग्राहकाचा शब्द तीच पाळते. ती थांबली की उधारीचे चक्र थांबते आणि घरातील बोलणेही कडू होते. म्हणून या लेखात गाडीबरोबर माणसांचाही विचार करावा लागेल.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. ट्रॉम्बेतील एका किराणा व्यापाऱ्याची डिझेल पिकअप आहे. पहाटे खाडीपूल ओलांडून वाशीच्या घाऊक बाजारात जायचे, डाळी-कडधान्ये भरायची आणि चेंबूर, गोवंडी, मानखुर्द येथील दुकानांत पोहोचवायची, हा तिचा नित्यक्रम. चालक दहा वर्षांपासून घरचाच माणूस. एके दिवशी गाडी परतीच्या वाटेवर खाडीपुलाच्या चढाला झटके देऊन बंद पडली. थोड्या वेळाने सुरू झाली. चार दिवसांनी मानखुर्दच्या सिग्नलला पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा.

शेठजींनी प्रथम डिझेल फिल्टर बदलून घेतला. दोन दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा थांबली. कोणी सांगितले, सेन्सर गेला असेल, म्हणून क्रँक सेन्सर बदलला. कोणी सांगितले, नोझल धरले असतील, म्हणून इंजेक्टर काढून पंप-नोझलच्या दुकानात तपासायला पाठवले. तेथून ते निर्दोष परत आले. खर्च वाढत गेला, दोष मात्र तसाच राहिला. अशा वेळी संशय यंत्रावरून माणसावर सरकतो. डिझेल चोरले जात असावे आणि टाकीत रॉकेल मिसळले जात असावे, अशी कुजबुज सुरू झाली. शेठजींनी चालकाला उघड काही म्हटले नाही, पण टाकी पूर्ण भरायला पैसे देणे बंद केले. रोज लागेल तेवढेच डिझेल. चालकाला जे समजायचे ते समजले. त्यानंतर गाडी कमी वेळा बंद पडायला हवी होती. ती अधिकच वेळा बंद पडू लागली. हा उलटा परिणाम लक्षात ठेवावा. कोड्याची किल्ली त्यातच आहे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे तत्त्व साधे होते: हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून लाल निखाऱ्यासारखे काम करील, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचे. आजच्या इंजिनात हवा मूळ आकाराच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्यात डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा पडला की ते पेटते. महाराष्ट्राला हे यंत्र नवे नाही. साताऱ्याचा कूपर कारखाना आणि पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनी ते शेतावरच्या विहिरीपर्यंत नेले.

याचा अर्थ असा की चालते डिझेल इंजिन बंद पडले तर कारणे तीनच घरांत शोधायची: इंधन, हवा आणि वीज. हवा म्हणजे आत येणारी स्वच्छ हवा व बाहेर जाणारा धूर. वीज म्हणजे आधुनिक गाडीतील संगणक, त्याचे सेन्सर, रिले, वायरी, बॅटरीची टोके व अर्थिंग. इंधनाच्या घरात टाकी, नळ्या, फिल्टर, पंप आणि इंजेक्टर येतात. कोणतेही सुटे भाग विकत घेण्यापूर्वी दोष यांपैकी कोणत्या घरात आहे हे ठरवणे, यालाच निदान म्हणतात. बाकी सारा जुगार.

शेठजींच्या गाडीसाठी अखेर एका वृद्ध मिस्त्रीला बोलावले, असे समजावे. त्याने बॉनेट उघडण्याआधी चालकाला समोर बसवले.

"बंद पडताना कशी पडते? चावी फिरवल्यासारखी एकदम, की आधी दम सोडते?"

"आधी दम सोडते, उस्ताद. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही. दोन-तीन झटके देते आणि मग थांबते."

"पुन्हा सुरू कशी होते?"

"नुसत्या सेल्फने होत नाही. फिल्टरवरचा हातपंप दहा-पंधरा वेळा मारावा लागतो. मग होते."

"खाली जमिनीवर डिझेल सांडलेले दिसते?"

"थेंबही नाही."

या तीन उत्तरांनीच अर्धे काम झाले. विजेचा दोष असता तर इंजिन बहुधा दिवा मालवावा तसे क्षणात बंद झाले असते. क्रँक सेन्सर तापून बिघडतो तेव्हा गाडी अशीच एकाएकी थांबते, थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, आणि सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा जागचा हलत नाही. हवेचा मार्ग कोंदला असता तर काळा धूर आला असता. येथे इंजिन उपाशी राहत होते, आणि हातपंपाने डिझेल पुढे ढकलले की जगत होते. दोष इंधनाच्या घरातला, आणि तोही बहुधा पंपाच्या अलीकडचा.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी, कारण अनेक जण तिच्यापाशी फसतात. टाकीपासून पंपापर्यंतची नळी अनेक गाड्यांत डिझेल ओढून घेत असते. तिच्यात दाब नसतो, खेच असते. दाबाच्या नळीला छिद्र पडले तर डिझेल बाहेर येते आणि डोळ्यांना दिसते. खेचणाऱ्या नळीला छिद्र पडले तर हवा आत शिरते आणि बाहेर काहीच दिसत नाही. जमीन कोरडी म्हणून नळी निर्दोष, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. डिझेलबरोबर हवा आली की पंपाला दाब धरता येत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही अधिक असतो. मोटारीच्या चाकातील दाब दोन-तीन बार असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे अंतर कळेल. असा दाब बुडबुड्यांनी भरलेल्या इंधनातून उभा राहत नाही. इंजिन झटके देते आणि थांबते. मेकॅनिकच्या भाषेत, गाडीने 'एअर घेतली'.

संगणकाला जोडायचे यंत्र मिस्त्रीजवळही होते. त्याने 'रेलमधील दाब कमी' असा दोष दाखवला. शेठजी म्हणाले, "म्हणजे पंप गेला. नवा घालावा लागेल." मिस्त्रीने मान हलवली. "शेठजी, ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो. ताप कशाचा, ते वैद्याने सांगायचे असते." दाब कमी होण्याची कारणे अनेक असू शकतात: फिल्टर तुंबलेला, नळीत हवा, पंप झिजलेला, दाब सोडणारी झडप उघडी राहिलेली, किंवा इंजेक्टर गरजेपेक्षा जास्त डिझेल परतीच्या नळीत सोडणारे. यांतील सर्वांत महाग वस्तू पंप आणि सर्वांत स्वस्त वस्तू नळीची क्लिप. शोध नेहमी स्वस्तापासून आणि सोप्यापासून सुरू करावा.

मिस्त्रीने फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि ते दहा मिनिटे स्थिर ठेवले. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने असलेच तर तळाशी वेगळे दिसते. पावसाळ्यात, विशेषतः रस्ते पाण्याखाली गेल्यानंतर, ही चाचणी पहिली करावी. येथे तळाशी दोन-चार थेंब आणि तांबूस गाळ होता, गाडी बंद पाडण्याइतके काही नव्हते. मग त्याने हायड्रोमीटरने डिझेलची घनता मोजली आणि तापमानानुसार हिशेब करून पेट्रोल पंपावरील नोंदीशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. रॉकेल डिझेलपेक्षा हलके असते. ते लक्षणीय प्रमाणात मिसळले असते तर घनता खाली आली असती. चालकावरील पहिला आरोप येथे गळून पडला, आणि तो कोणाच्या शपथेने नव्हे, मोजमापाने.

दुसरी चाचणी टाकीच्या झाकणाची. झाकणातील हवेचे छिद्र बुजले तर डिझेल जसे कमी होते तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. अशी गाडी थांबताच झाकण उघडले तर 'सुस्स' असा आवाज येतो आणि ती पुन्हा चालू लागते. येथे आवाज आला नाही.

तिसरी चाचणी निर्णायक होती. त्याने स्वच्छ डिझेलचा एक कॅन घेतला, टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी सोडवली आणि कॅनमधून पारदर्शक नळी थेट फिल्टरला जोडली. परतीची नळीही कॅनमध्ये सोडली. कॅन घट्ट बांधून घेतला. गाडी तासभर उभ्या जागी चालवली, वेग कमी-जास्त केला. एक झटका नाही. पंप, इंजेक्टर, सेन्सर, संगणक सर्व निर्दोष ठरले. दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामधल्या चार-पाच हातांच्या अंतरात उरला. मग टाकीची नळी पुन्हा जोडून मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा ठेवला. काही वेळाने त्यातून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली. हवा कोठून येते एवढाच प्रश्न राहिला.

तेव्हा चालकाने खिशातून एक चुरगळलेली वही काढली. आपल्यावर संशय आहे हे कळल्यापासून तो प्रत्येक वेळेची नोंद ठेवत होता: तारीख, ठिकाण, माल किती, आणि डिझेलचा काटा कोठे. मिस्त्रीने चष्मा पुसून ती वही वाचली. बाहेर पाऊस असो वा ऊन, गाडी भरलेली असो वा रिकामी, प्रत्येक नोंदीत एक गोष्ट समान होती. काटा नेहमी अर्ध्याच्या खाली होता. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली असताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

टाकीत वरून खाली उतरणारी एक लोखंडी नळी असते. तिच्यातूनच डिझेल वर ओढले जाते. टाकी उतरवून ती नळी बाहेर काढली, तेव्हा मध्यावर गंजाने पडलेले टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले. डिझेलची पातळी छिद्राच्या वर असेपर्यंत छिद्रातूनही डिझेलच आत येई आणि काही बिघडत नसे. पातळी छिद्राखाली गेली की तेथून हवा ओढली जाई. चढावर, वळणावर डिझेल हेलकावले की त्रास आणखी वाढे. खाडीकाठच्या दमट हवेत टाकी सतत अर्धी रिकामी राहिली की रिकाम्या भागात रात्री ओल जमते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज चढतो. चोरी होऊ नये म्हणून टाकी भरणे बंद केले, त्यामुळे पातळी कायम छिद्राखाली राहिली आणि गाडी रोज बंद पडू लागली. संशयानेच संशयाला पुरावा पुरवला होता.

नळी बदलली, टाकी धुऊन घेतली, फिल्टर नवा घातला, आणि नळीतील हवा काढून गाडी सुरू केली. खर्च आधीच्या निष्फळ खर्चाच्या तुलनेत नगण्य होता. शेठजी काही काळ गप्प राहिले. मग चालकाला म्हणाले, "उद्यापासून टाकी पूर्ण भरत जा. पावती आणायची गरज नाही." चालक म्हणाला, "पावती आणीनच, शेठजी. वहीही ठेवीन. गाडीसाठी."

उदाहरण येथे संपते. त्यातील क्रम मात्र कोणत्याही डिझेल गाडीला लागू पडतो. पिकअप बाळगणाऱ्या कुटुंबांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गाडी बंद पडताच प्रथम जीव सांभाळावा. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते आणि स्टिअरिंग जड होते. म्हणून ब्रेक वारंवार सोडून न दाबता एकदाच ठामपणे दाबावा, गाडी डाव्या कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवावा. पुलावर किंवा द्रुतगती मार्गावर गाडीच्या मागे उभे राहून बॉनेटची चर्चा करू नये.

कॉमन रेल इंजिन चालू असताना उच्च दाबाची नळी कधीही सैल करू नये आणि गळती बोटाने चाचपू नये. त्या दाबाचा फवारा त्वचा भेदून आत शिरतो. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची तातडीची बाब असते. जुन्या इंजिनाची सवय असलेल्या कारागिरांनाही हे सांगावे लागते.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे इंधन लागू झाले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांपर्यंत मर्यादित आहे. या काळातील डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणीही असते. ती स्वतःला जाळून स्वच्छ करण्यासाठी काही वेळ सलग वेगाने चालणे लागते. दिवसभर गल्लीबोळांत थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते, इंजिनाचा दम कमी होतो. तिचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिला मोकळ्या रस्त्यावर चालवावे. दिवा झाकून चालवत राहू नये.

शेवटी, वही ठेवावी. कधी, कोठे, किती भार, किती डिझेल, धूर कोणत्या रंगाचा, पुन्हा सुरू कशी झाली. दोन रुपयांच्या पेनाने लिहिलेल्या या सहा ओळी हजारो रुपयांच्या सुट्या भागांपेक्षा अधिक काही सांगतात. शिवाय गाडी जो रोज चालवतो तो तिचा आवाज सर्वांत जवळून ऐकत असतो. दोष शोधायला बसताना त्याला आरोपीच्या जागी न बसवता साक्षीदाराच्या जागी बसवावे. टाकीतील छिद्र दुरुस्त करायला अर्धा दिवस पुरतो. दहा वर्षांच्या विश्वासाला पडलेले छिद्र इतक्या लवकर बुजत नाही.